कमरेच्या वळापासून पेशीपर्यंत : डॉ. वसंत रामजी खानोलकर

खानोलकर हे आडनाव उच्चारले की कला शाखेच्या आपणा विद्यार्थ्यांना एकच नाव आठवते, ते म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर, अर्थात आरती प्रभू. ते योग्यच आहे. परंतु याच आडनावाचे आणखी एक थोर गृहस्थ मुंबईत होऊन गेले, आणि त्यांची ओळख आपल्यापैकी फारच थोड्यांना आहे. त्यांचे क्षेत्र शब्दांचे नव्हते, शरीरातील पेशींचे होते. ज्या विद्यापीठाच्या पदवीसाठी आपण सारे धडपडत आहोत, त्याचे ते कुलगुरू होते. आणि ज्या परळच्या टाटा रुग्णालयाचे नाव आमच्या आंबिवलीत अजूनही दबक्या आवाजात घेतले जाते, तेथील प्रयोगशाळांचे ते संचालक होते. त्यांचे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर.

मी विज्ञानाची विद्यार्थिनी नाही. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. सूक्ष्मदर्शकाशी माझा संबंध आला तो शाळेत नववीला, कांद्याच्या पापुद्र्यातील पेशी पाहण्यापुरता. तेव्हा मी एका विकृतिशास्त्रज्ञाचे चरित्र लिहावे हे काहींना धाडसाचे वाटेल. पण ग्रंथालयात चाळता चाळता एका वैद्यकीय पुस्तकात मला धोतराचा कर्करोग असा शब्दप्रयोग दिसला आणि मी थबकले. तंबाखूने कर्करोग होतो हे एस.टी.च्या पाटीवरही लिहिलेले असते, पण धोतराने? अंगावरच्या वस्त्राने? या एका प्रश्नाचा माग काढीत मी डॉ. खानोलकरांपर्यंत पोहोचले. जे समजले ते माझ्या भाषेत मांडते.

वसंतरावांचा जन्म १३ एप्रिल १८९५ रोजी गोमंतक मराठा समाजातील एका कुटुंबात झाला. वैद्यकाचे शिक्षण त्यांनी लंडन विद्यापीठात घेतले आणि १९२३ साली तेथूनच विकृतिशास्त्र या विषयात एम.डी. ही पदवी मिळवली. विकृतिशास्त्र म्हणजे रोगाने शरीरात नेमका काय बिघाड केला हे शोधणारे शास्त्र. या शास्त्राचा डॉक्टर रोग्याच्या उशाशी क्वचितच दिसतो. त्याची जागा प्रयोगशाळेत, सूक्ष्मदर्शकाच्या नळीपाशी. रोगी त्याला ओळखत नाही, आभारही मानत नाही. पण शस्त्रक्रिया करायची की नाही, किती करायची, हे पुष्कळदा त्याच्या दोन ओळींच्या अहवालावर ठरते. लंडनची पदवी हाती असलेल्या तरुणाने मुंबईत दवाखाना थाटला असता तर पैसा आणि लौकिक दोन्ही चालून आले असते. वसंतरावांनी अध्यापन आणि संशोधन पत्करले.

मुंबईस परतल्यावर त्यांनी ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात आणि परळच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात विकृतिशास्त्राचे प्राध्यापक म्हणून काम केले. यांपैकी दुसऱ्या महाविद्यालयाची हकीगत लक्षात ठेवण्याजोगी आहे. ते १९२६ साली सुरू झाले, आणि तेथे शिकविणारे भारतीयच असावेत अशी अट देणगीदारांनी घातली होती. वैद्यकीय शिक्षणातील वरच्या जागा गोऱ्या अधिकाऱ्यांसाठी राखलेल्या असण्याचा तो काळ! भारतीय माणूस शिकवू शकतो, एवढेच नव्हे तर नवे ज्ञानही निर्माण करू शकतो, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्या पिढीवर होती. खानोलकरांनी ती पुरेपूर पेलली.

२८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. त्यांचे पती सर दोराबजी यांच्या मनात अशा रुग्णालयाची कल्पना रुजली, परंतु पुढच्याच वर्षी तेही निवर्तले, आणि त्यांच्या विश्वस्त निधीने ती पुरी केली. या रुग्णालयातील प्रयोगशाळा व संशोधन यांची धुरा डॉ. खानोलकरांकडे आली. देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी येऊ लागले. कोणी आंध्रच्या किनाऱ्यावरचा, कोणी बिहारचा, कोणी आपल्या मुलखातला शेतकरी. प्रत्येकाच्या शरीरातला एक लहानसा तुकडा काचपट्टीवर येऊन खानोलकरांच्या नजरेखालून जाऊ लागला. येथूनच माझ्या मूळ प्रश्नाला सुरुवात होते.

सूक्ष्मदर्शकाखाली कातडी पाहायची म्हणजे काय करायचे, हे मी मुद्दाम समजून घेतले. जखमेच्या कडेचा तुकडा घेतात, कारण निरोगी आणि रोगट कातडी तेथे एकमेकींना भेटतात. तो तुकडा कुजू नये म्हणून फॉर्मेलिनमध्ये ठेवतात. मग अल्कोहोलने त्यातील पाणी काढून तो मेणात बसवतात, आणि मायक्रोटोम नावाच्या यंत्राने त्याचे मिलिमीटरच्या सुमारे दोनशेव्या भागाइतके पातळ काप काढतात. हे काप काचपट्टीवर चढवून दोन रंगांनी रंगवतात. एका रंगाने पेशीचे केंद्रक निळे-जांभळे होते, दुसऱ्याने बाकीची पेशी गुलाबी दिसते. मग नळीला डोळा लावायचा.

निरोगी कातडी ही शिस्तीची वस्ती असते. सर्वांत खाली एका पातळ पडद्यावर तळच्या पेशींची रांग. त्या रांगेतच अधूनमधून रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशी. तळच्या पेशी विभागून नव्या पेशी निर्माण करतात. त्या वर सरकतात, सरकता सरकता चपट्या होतात, त्यांच्यात केराटिन भरते. हेच केराटिन आपल्या नखांत आणि केसांत असते. शेवटी त्या मरून कोंड्यासारख्या झडून जातात. खाली जन्म, वर मरण, असा हा क्रम अव्याहत चालू असतो. चपट्या पेशींचा कर्करोग होतो तेव्हा हा क्रमच बिघडतो. पेशी वेड्यावाकड्या वाढतात, केंद्रके मोठी आणि गडद होतात, आणि मुख्य म्हणजे वर जाण्याऐवजी त्या तळचा पडदा फोडून खाली घुसतात. वर झडायचे केराटिन आता आत खोलवर गोल गोल थरांत साचते. अशा गोळ्यांना विकृतिशास्त्रात केराटिनचे मोती म्हणतात. इतके सुंदर नाव इतक्या वाईट गोष्टीला मिळावे याचे मला नवल वाटले.

असा कर्करोग डॉ. खानोलकरांना काही रोग्यांच्या कमरेच्या कातडीत आढळला. ही जागाच चमत्कारिक होती. गोऱ्या लोकांना कातडीचा कर्करोग होतो तो बहुधा चेहऱ्यावर, मानेवर, हातांवर, म्हणजे जेथे ऊन लागते तेथे. आपल्या सावळ्या कातडीतील रंगद्रव्य उन्हापासून आपले रक्षण करते, म्हणून कातडीचा कर्करोग आपल्याकडे मुळात कमीच. आणि कमर तर वस्त्राखाली झाकलेली! तेथे ऊन पोहोचत नाही. मग दोष कोणाचा?

या प्रश्नाचे उत्तर काचपट्टीवर नव्हते. ते मिळण्यासाठी डोळा नळीवरून उचलून रोग्याकडे पाहावे लागले. तो काय नेसतो? कसे नेसतो? किती वर्षे? धोतर जन्मभर एकाच जागी आवळून बांधले जाते. उष्ण हवेत त्याखाली घाम साचतो. चालताना, वाकताना, ओझे उचलताना ते काचत राहते. आधी कातडीचा रंग जाऊन तेथे फिका पट्टा उमटतो. मग कातडी जाड आणि राठ होते. क्वचित एखाद्याच्या बाबतीत तेथे चीर पडते, जखम होते, ती भरते, पुन्हा उघडते. प्रत्येक वेळी जखम भरण्यासाठी तळच्या पेशींना घाईघाईने विभागावे लागते, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या या डागडुजीत कधीतरी एखादी पेशी शिस्त मोडते. म्हणजे वळापासून कर्करोगापर्यंतची वाट पुष्कळ वर्षांची असते, आणि तिच्यावर परत फिरण्याच्या जागाही पुष्कळ असतात.

१९४५ साली डॉ. खानोलकर आणि त्यांच्या सहसंशोधिका सूर्याबाई यांनी अमेरिकेतील विकृतिशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. चालीरीतींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यांनी जगापुढे मांडले. पहिला चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर चुट्टा नावाची विडी पेटते टोक तोंडात ठेवून ओढण्याची रीत आहे, आणि तेथे कर्करोग टाळूला होतो. दुसरा खैनीचा. चुना लावलेली तंबाखू खालच्या ओठामागे धरून ठेवणाऱ्यांना तो नेमका त्याच जागी होतो. आणि तिसरा धोतराचा, कमरेला होणारा. तिन्हींत सूत्र एकच : शरीराच्या ज्या जागेला जी सवय रोज छळते, त्या जागी रोग.

हा विचार अगदीच नवा होता असे नाही. लंडनच्या पर्सिव्हल पॉट या शल्यवैद्याने धुरांडी साफ करणाऱ्यांना होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाचा संबंध १७७५ सालीच काजळीशी जोडला होता. काश्मीरमध्ये थंडीत पोटाशी कांगडी, म्हणजे निखाऱ्यांचे मडके, धरून बसणाऱ्यांच्या पोटामांड्यांवरचा कर्करोग एल्मस्ली या डॉक्टराने १८६६ साली नोंदवला होता. १९१५ साली जपानच्या यामागिवा आणि इचिकावा यांनी सशांच्या कानांना डांबर चोळून चोळून प्रयोगशाळेत कर्करोग निर्माण करून दाखवला. खानोलकरांनी याच वाटेवर आपल्या देशातील माणसाला आणून उभे केले. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. काजळीचा कर्करोग, कांगडीचा कर्करोग आणि धोतराचा कर्करोग, तिन्ही चपट्या पेशींचेच. त्या पेशी काय घडले ते दाखवतात. पण ते काजळीने घडले, निखाऱ्याने की कापडाने, हे त्या सांगत नाहीत. त्यासाठी माणसालाच विचारावे लागते. शेतकऱ्याचे धोतर हा शास्त्राचा विषय होऊ शकतो, असे परदेशात शिकून आलेल्या एका प्राध्यापकाला वाटले, हेच मला त्यांचे मोठेपण वाटते.

आता थोडे घरचे. माझे आजोबा मोहन्याच्या रेयॉन कंपनीत कामाला होते. ती कंपनी २००९ साली बंद पडली. कामावर पँट आणि घरी धोतर असा त्यांचा रिवाज होता. वडिलांच्या पिढीने धोतर पार सोडले. म्हणजे कोणी न सांगता, केवळ वेष बदलल्याने आमच्या घरातील पुरुषांच्या कमरेवरचा काच गेला. पण आजी अजून नऊवारी लुगडेच नेसते. भातलावणीला ओणवे राहायचे, डोक्यावर भारा घ्यायचा, तर लुगडे सैल असून कसे चालेल? हे सारे वाचल्यावर मी तिला विचारून तिची कमर पाहिली. काळपट राठ वळ, आणि त्यात गाठीच्या जागी फिका चट्टा. तिला त्याचे काहीच वाटत नव्हते. तिच्या वयाच्या प्रत्येक बाईच्या कमरेला तो आहे, असे तिचे म्हणणे.

मग तिने तिच्या थोरल्या जावेची हकीगत सांगितली. त्या बाईच्या कमरेला बाजूवर जखम झाली होती. दोन वर्षे ती भरली नाही. हळद झाली, पाला झाला, दवाखान्यातले मलम झाले. पुढे जांघेत गाठ आली आणि ती गेली. शेवटपर्यंत लुगड्याची गाठ त्याच जागी बसत होती. ती जखम कसली होती हे आज कोणीही सांगू शकणार नाही, कारण तिचा तुकडा कधी कोणत्याही काचपट्टीवर गेलाच नाही. मी तिला कर्करोग म्हणणार नाही. तसे म्हणण्याचा अधिकार फक्त सूक्ष्मदर्शकाला आहे. पण आमची आंबिवली आणि परळ यांच्यात लोकलने फार तर दीड-दोन तासांचे अंतर. तेवढे अंतर त्या बाईला आयुष्यात ओलांडता आले नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

हा विषय जुना झाला, असेही नाही. धोतरानंतर साडीच्या बाबतीतही असेच घडल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत येत गेल्या. २०२४ साली वर्ध्याच्या आणि बिहारमधील मधुबनीच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील डॉक्टरांनी अशाच दोन वयस्क स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतील एक वर्षानुवर्षे परकराविना लुगडे नेसत आलेली होती. तिच्या कमरेवरच्या जखमेत चपट्या पेशींचाच कर्करोग निघाला आणि तो जांघेतील गाठीपर्यंत पोहोचला होता. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हा रोग अत्यंत दुर्मिळ आहे. कमरेला वळ असणाऱ्या लाखो बायकांना तो कधीच होत नाही. भ्यायचे कारण नाही. पण कित्येक आठवडे न भरणारी जखम दाखवायलाच हवी, आणि गाठ थोडी सैल करायला पैसे पडत नाहीत.

डॉ. खानोलकरांचे काम धोतरापाशी थांबले नाही. कुष्ठरोगाच्या अगदी पहिल्या चट्ट्यांत सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला आणि तो १९५१ साली प्रसिद्ध झाला. ज्या रोग्याला गावाबाहेर बसवले जाई, त्याच्या कातडीकडे त्यांनी किळसेने न पाहता जिज्ञासेने पाहिले. १९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. त्याच्या स्थापनेत त्यांचा मोठा वाटा होता आणि ते त्याचे संचालक होते. ही संस्था पुढे टाटा स्मारक केंद्राचा भाग झाली आणि आता तिचे काम नवी मुंबईत खारघरला चालते.

या केंद्रात त्यांनी जी माणसे घडवली त्यांत स्त्रिया ठळकपणे दिसतात. पुण्याच्या कमल रणदिवे यांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि पुढे पेशी शरीराबाहेर वाढवण्याची प्रयोगशाळा उभारली. सत्यवती शिरसाट १९४८ साली टाटा रुग्णालयात आल्या आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने पेशीच्या आणखी आत डोकावू लागल्या. धोतराच्या निबंधावरही सूर्याबाईंचे नाव आहेच. त्या काळी मुलीने मॅट्रिक होणे हीच बातमी असे, हे ध्यानात घेतले म्हणजे या नावांचे महत्त्व कळते.

मानसन्मान पुष्कळ लाभले. विकृतिशास्त्रज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेचे ते संस्थापक अध्यक्ष होते. आंतरराष्ट्रीय कर्करोगविरोधी संघाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. अणुकिरणांच्या परिणामांचा विचार करणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीवर त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. सरकारने त्यांना पद्मभूषण दिले आणि राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक नेमले. १९६० ते १९६३ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. २९ ऑक्टोबर १९७८ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. भारतातील विकृतिशास्त्र आणि वैद्यकीय संशोधनाचे जनक म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

मित्रमैत्रिणींनो, थोरांच्या चरित्रातून काय घ्यावे हा प्रश्न वार्षिकांकातील अशा लेखांच्या शेवटी नेहमी येतो. आपण कला शाखेचे. आपल्या हाती सूक्ष्मदर्शक येणार नाही. पण डॉ. खानोलकरांच्या कामाचा निम्मा भाग सूक्ष्मदर्शकाबाहेर होता. माणूस काय नेसतो, काय ओढतो, काय सोसतो आणि कशाला काहीच नाही म्हणतो, हे विचारणे आणि ऐकणे, हा तो भाग. तो तर इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या, मराठीच्या विद्यार्थ्यालाही करता येतो; किंबहुना ज्यांच्या घरात लुगडे नेसणारी आजी आहे त्यांना तो इतरांहून बरा करता येतो. आमच्या आजीचा चट्टा डॉक्टरांना दाखवला. तो नुसता काचाचा आहे, पण लक्ष ठेवा, असे त्यांनी सांगितले. मी तिला पेशी, पडदा, केराटिन असे सारे समजावू लागले, तेव्हा ती हसली आणि भात उतरवायला उठली. परंतु आता ती लुगड्याची गाठ एक दिवस डावीकडे घेते आणि एक दिवस उजवीकडे.